आधी वही घेऊन गावातून फिरा, कोर्स मग ठरेल

सिन्नर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिकांचं पत्र आलं आहे. नाव आणि गाव छापू नका असं त्यांनी कळवलंय. पत्र थोडं आटोपशीर करून देतो.

"सर, आमची संस्थेची शाळा आहे, पाचवी ते दहावी. नववीत दोन तुकड्या मिळून ६१ मुलंमुली. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून माजी विद्यार्थ्यांनी १२ लाख रुपये जमवले आणि 'पोरांच्या हाताला काम मिळेल असं काहीतरी करा' म्हणून माझ्याकडे सोपवले. एका कंपनीनं 'स्किल लॅब'चा प्रस्ताव दिलाय. ड्रोन, रोबोटिक्स, थ्री-डी प्रिंटर, एकूण साडेनऊ लाख. वर्षभर त्यांचा माणूस शिकवायला येईल आणि शेवटी मुलांना प्रमाणपत्र मिळेल. अध्यक्षांना २६ जानेवारीला उद्घाटन हवंय. ते म्हणतात, जी मुलं दहावीत निघणार नाहीत त्यांना यात घालू. गणिताच्या सरांना निकालाची भीती. आणि एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी मला तोंडावर विचारलं, 'पोराला पुन्हा ऐरणीपुढंच बसवायचं होतं, तर शाळेत कशाला घातला?' त्या रात्री मला झोप लागली नाही. कोणता कोर्स निवडू? आधी काय विकत घेऊ? चुकलं तर लोकांचे पैसेही जातील आणि मुलांची वर्षंही."

मुख्याध्यापिका बाई, सप्रेम नमस्कार.

आधी घाईचं सांगतो. त्या प्रस्तावावर इतक्यात सही करू नका. ड्रोन वाईट म्हणून नाही. पण २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार दूरस्थ वैमानिकाचं प्रमाणपत्र मिळायला वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत, दहावी पास हवी आणि डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, मान्यता दिलेल्या संस्थेतच प्रशिक्षण व्हायला हवं. तुमची नववीतली मुलं चौदा-पंधरा वर्षांची. त्यांच्या हातात वर्षाअखेर जो कागद येईल, तो दाखवून त्यांना कुणीही शेतावर ड्रोन उडवायला ठेवणार नाही. कंपनीला दोन प्रश्न लेखी विचारा. या प्रमाणपत्रामागे एनसीव्हीईटीची, म्हणजे व्यवसाय शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची, मान्यता असलेली कोणती संस्था आहे? आणि वर्ष संपल्यावर शिकवणार कोण? पहिल्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर साडेनऊ लाख वाचले असं समजा. दुसऱ्याचं उत्तर मात्र माझ्यासाठी जास्त मोलाचं आहे.

मी आयटीआयत निदेशक, म्हणजे हातकाम शिकवणारा शिक्षक, होतो आणि निवृत्तीनंतर बऱ्याच शाळांत फिरलो. एका शाळेत मला यंत्रांची यादी करायला बोलावलं होतं. कुलूप उघडायला अर्धा तास लागला, कारण किल्ली कुणाकडे आहे हेच कुणाला आठवेना. आत वीस पायमशीन ओळीनं उभ्या. पट्टे चिरलेले, तेलाचा डिंक झालेला, दोन मशीनवर अजून प्लास्टिकचं वेष्टण होतं. भिंतीवर उद्घाटनाचा फोटो. शिवण शिकवणाऱ्या ताईंचं मानधन आठव्या महिन्यात थांबलं म्हणून त्या गेल्या, आणि त्यांच्यामागोमाग वर्गही गेला. वीस मशीन घेताना त्या ताईंचा तीन वर्षांचा पगार बाजूला ठेवावा असं कुणाच्याच मनात आलं नव्हतं. मी ती यादी केली आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही.

म्हणून 'आधी काय विकत घेऊ' याचं उत्तर: सहा महिने काहीच घेऊ नका.

आता 'कोणता कोर्स'. नववी-दहावीच्या मुलासाठी एक धंदा निवडूच नये, हे मी इतक्या वर्षांनी ठामपणे सांगू शकतो. दहावीनंतर आयटीआय आहे. तिथे फिटर, वेल्डर, वायरमन असा एकच ट्रेड धरून वर्ष-दोन वर्षं घासावी लागते आणि ते योग्यच आहे. पण चौदाव्या वर्षी मुलाला आपला हात कशात चालतो हेच ठाऊक नसतं. त्याला चार-पाच प्रकारची कामं खरोखर करून पाहायला मिळाली पाहिजेत: लोखंड कापायला, जोडायला, वायर सोलून बोर्ड भरायला, रोपं तयार करायला, माती तपासायला, खाण्याचा पदार्थ बनवून त्याचा टिकाऊपणा बघायला.

हे मी माझ्या डोक्यातून काढलेलं नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रमात हे काम १९८३ पासून चाललं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातले शास्त्रज्ञ होते. ते काम सोडून ते पाबळला आले. कमी पावसाचं साधं गाव होतं. तिथे जमलं तर कुठेही जमेल, असा त्यांचा हिशोब. त्यांचं म्हणणं असं की माणूस काम करत करत शिकतो, म्हणून गाव हीच शाळा आणि गावाची गरज हाच धडा. त्यातून शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' हा विषय तयार झाला, ज्याला सगळे आयबीटी म्हणतात, आणि एसएससी बोर्डानं तो मान्य केला. आठवड्यातला एक अख्खा दिवस. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. प्रत्येक मूल चारही विभागांतून जातं. शिकवणारे बहुतेक गावातलेच कारागीर.

कंपनीच्या प्रस्तावात थ्री-डी प्रिंटर आहे म्हणून मुद्दाम सांगतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या कल्पनेतली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, २००२ साली त्यांच्या आवाराबाहेर पहिल्यांदा उभी राहिली ती पाबळला. पण तोवर पाबळमध्ये एकोणीस वर्षं हातोडी, वेल्डिंग, माती आणि पाणी यांचं काम झालेलं होतं. यंत्र आलं तेव्हा त्याच्याकडून काय करून घ्यायचं हे मुलांना माहीत होतं. तुमच्याकडेही तो प्रिंटर एक दिवस यावा असं मला मनापासून वाटतं. फवारणी पंपाच्या झाकणाचा तुटलेला आटा मोजून, त्याचं चित्र काढून, नवं झाकण बनवावंसं ज्या मुलीला वाटेल, तिच्यासाठी यावा.

मग सुरुवात कुठून? वहीपासून. नववीच्या मुलांच्या तीन-तीनच्या वीस टोळ्या करा, एका टोळीत चौघं येतील. प्रत्येक टोळीनं चार घरं, एक दुकान आणि एक गोठा किंवा पोल्ट्री करायची. विचारायचं एवढंच: गेल्या वर्षात घरातलं, शेतातलं काय काय बिघडलं? कुणाकडे नेलं, किती लांब, किती दिवस लागले, किती पैसे पडले? आणि असं काय आहे जे तुम्हाला हवंय पण इथे कुणी बनवून देत नाही? उत्तर जसं येईल तसं, त्या माणसाच्या शब्दांत लिहायचं. शिक्षकांनी आधी अंदाज सांगायचा नाही.

शेवटची अट मी अनुभवातून घातली आहे. एका शाळेत शिक्षकांनी 'संगणक आणि ब्यूटी पार्लर' असं आधीच ठरवलं होतं. मुलांच्या वह्या आल्या तर त्यांत पानोपानी बॅटरीवरचे फवारणी पंप. चार्जिंगची पिन सैल होते, नोझल चोंदतं, बॅटरी धरत नाही, आणि तेवढ्यासाठी माणूस तालुक्याला खेटे घालतो. त्यानंतर पाण्याच्या मोटरचे स्टार्टर. त्यानंतर कुकर, मिक्सर, खुर्चीचे पाय, शेळ्यांच्या गव्हाणी, विळ्या-कोयत्यांची धार. एका आजीनं लिहायला लावलं होतं: 'संडासात धरायला दांडा पाहिजे, गुडघे दुखतात.' त्या दांड्याला एक फूट पाइप, दोन प्लेटा आणि चार बोल्ट लागतात. गावात तशा किती आजी असतील? माझ्या माहितीतला तो सर्वांत चांगला पहिला धडा आहे. मोजमाप, कापणं, जोडणं, भिंतीला भोक पाडणं, रंग, हिशोब आणि शेवटी आजीला तो धरून उठायला लावून बघणं, सगळं त्यात येतं.

सिन्नरला तर दोन्ही अंगं आहेत. एकीकडे कांदा, दूधधंदा, कोंबड्यांची शेडं. दुसरीकडे मुसळगाव आणि माळेगावच्या औद्योगिक वसाहती. तुमच्या मुलांचे काका-मामा तिथे कामाला असणारच. एक टोळी त्यांच्याकडेही पाठवा. कारखान्याच्या गेटवर नको, त्यांच्या घरी. पाळीवरून आलेल्या माणसाला विचारायचं: पहिल्या महिन्याला हातात किती आले? कायम आहात की ठेकेदाराकडे? काय येत असतं तर पुढे सरकला असता? या एका संध्याकाळीत मुलांना जे कळेल ते करिअर मार्गदर्शनाच्या कुठल्याही तक्त्यात मिळणार नाही. मला विचाराल तर मार्गदर्शन मेळावे कमी करा आणि अशा गाठी वाढवा.

वह्या भरल्या की त्यांतच तुम्हाला तुमचे निदेशकही सापडतील. 'कुणाकडे नेलं' या रकान्यात एक-दोन नावं पुन्हा पुन्हा येतात. फॅब्रिकेशनचं दुकान असलेला माणूस, मोटर भरणारा, रोपवाटिका चालवणारी बाई. त्यातल्या ज्याच्याविषयी लोक 'वेळेवर देतो' असं सांगतात त्याच्याकडे आधी जा. हात चांगला असून वेळ न पाळणारा कारागीर शाळेत चालत नाही. मुलं ताटकळतात आणि मग अंगाशी येतं. तो सातवी शिकलेला असेल तर कमीपणा मानू नका. त्याच्याबरोबर तुमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना त्या दिवशी कामाच्या शेडमध्ये उभं करा. तो वेल्डिंग दाखवेल. पातळ पत्र्याला करंट कमी का ठेवायचा हे सर समजावतील. दोघांनी मिळून शिकवलेला तास मी पाहिला आहे. विद्युतधारेचा पाठ मुलं त्यानंतर विसरत नाहीत. एक करा, मे महिन्यात दोन्ही निदेशकांना आणि विज्ञानाच्या सरांना पाबळसारख्या ठिकाणी आठवडाभर राहून येऊ द्या. मुलांसमोर उभं राहायची कारागिराला धास्ती असते, ती तिथे जाते.

आता पैशाचं. मी तुमच्या जागी असतो तर असं मांडलं असतं. दोन निदेशक, रोजचे ९०० रुपये धरा. तुमच्याकडचा दर वेगळा असेल तर तो घाला. वर्षात शिकवण्याचे साधारण ३५ आठवडे. पहिल्या वर्षी फक्त नववीच्या दोन तुकड्या, म्हणजे आठवड्याला दोन दिवस: ७० दिवस, दोन माणसं, १ लाख २६ हजार. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी नववी-दहावी दोन्ही, म्हणजे १४० दिवस: प्रत्येक वर्षी २ लाख ५२ हजार. तीन वर्षांचे ६ लाख ३० हजार झाले. हे पैसे पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावायचा नाही असा संस्थेकडून ठराव करून घ्या. अवजारं आणि शेडची डागडुजी ३ लाखांत बसवा. कच्च्या मालाला पहिल्या वर्षी ५० हजार, पुढे वर्षाला ८० हजार, मिळून २ लाख १० हजार. उरलेले ६० हजार वायरिंग, अर्थिंग, प्रथमोपचार आणि मोडतोडीला. बरोबर १२ लाख होतात. माजी विद्यार्थ्यांना हा कागद दाखवून सांगा की तुमच्या पैशाचा निम्म्याहून मोठा वाटा माणसांवर खर्च होणार आहे. फोटोत यंत्रं कमी दिसतील, पण तीन वर्षांनी शेड उघडी असेल. चौथ्या वर्षाची तरतूद मात्र तिसरं सुरू होतानाच करायला घ्या.

कच्चा माल हा शब्द लोक सहज वाचून पुढे जातात, म्हणून इथे जरा थांबतो. वेल्डिंगचे रॉड संपले, लोखंडी अँगल नाही, ब्लेड तुटलं की वर्ग बंद. मग मुलं फळ्यावर वेल्डिंग शिकतात. ते होऊ नये म्हणून पाबळच्या पद्धतीत मुलांनी गावाची खरी कामं घ्यायची असतात. माल गिऱ्हाइकाच्या पैशातून येतो आणि काम नीट करण्याची जबाबदारीही येते. घरी नेण्यासाठी बनवलेला शोभेचा तुकडा वाकडा झाला तर चालतो. अंगणवाडीच्या पाण्याच्या जारचं स्टँड डुगडुगलं तर ताई परत पाठवतात.

तेच स्टँड घ्या. चार पाय ९० सेंटिमीटरचे, वर एक चौकट ६० बाय ४५, खाली तशीच दुसरी. पायांना ३६० सेंटिमीटर, प्रत्येक चौकटीला २१०, एकूण ७८०. पंचवीस-पंचवीस-तीन मिलिमीटरचा अँगल मीटरला १.१ किलो भरतो, म्हणजे साडेआठ किलोच्या वर लोखंड. दुकानात अँगल सहा मीटरच्या लांबीत मिळतो. आता मुलांना विचारा, कापायचं कसं? पहिल्या लांबीतून चार पाय आणि एक चौकट काढली तर ५७० जातात, ३० उरतात. दर कापाला पातीची जाडी जाते, तीही त्यातच. दुसऱ्या लांबीतून फक्त २१० लागतात आणि उरलेला पावणेचार मीटरहून मोठा तुकडा पुढच्या कामाला येतो. जो मुलगा विचार न करता सुटतो तो दोन्ही लांब्यांचे तुकडे करून बसतो आणि पुढच्या स्टँडचे पाय त्यातून निघत नाहीत. आधी कागदावर, मग खडूनं अँगलवर, मग करवत. गुण्या लावून काटकोन बघायचा, वेल्डचे छोटे टाके मारायचे, पुन्हा गुण्या, मग पूर्ण वेल्ड. त्यानंतर हिशोब: लोखंड, रॉड, ब्लेडची झीज, वीज, रंग, मजुरी. तुमच्या गणिताच्या सरांना एकदा या कामावर बोलवा. निकालाची त्यांची काळजी खरी आहे, तिला मी हसत नाही. म्हणूनच पहिल्या वर्षी दहावीला यात ओढू नका म्हणतो. पण मापन, शेकडेवारी आणि क्षेत्रफळ यांत अडणारी मुलं शेडमध्ये सुटताना मी पुष्कळ पाहिली आहेत.

प्रत्येक कामाची एक वही असावी. काम कुणी सांगितलं, माप काय, कबूल तारीख कोणती, दिलं कधी, खर्च किती आला, तक्रार काय आली. दहावी झाल्यावर मूल कुठे गेलं हेही तिथेच, पुढची पाच वर्षं. आयटीआय, अकरावी, घरची शेती, लग्न. लग्नही लिहा बाई. आपल्याकडच्या मुलींची कहाणी बऱ्याचदा त्याच रकान्यात थांबते, आणि कार्यक्रम चालला की नाही हे तिथेच कळतं.

खऱ्या कामात एक धोका आहे, तो आधीच सांगून ठेवतो. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. शाळेचा खर्च मुलांच्या उत्पादनातून निघावा हा मुद्दा आल्यावर, मुलं कारखान्यातल्या मजुरांसारखी राबवली जातील अशी शंका तेव्हाही निघाली होती. ती शंका आजही जिवंत ठेवा. मुलांना नगावर पैसे नकोत, रोजचं उद्दिष्ट नको, एकच काम महिनोन्‌महिने नको. दहा स्टँड झाली की ते काम बंद, नवं काम घ्या, कारण अकराव्या स्टँडमधून मूल काही शिकत नाही. आणि कारखान्यात मुलं फक्त पाहायला जातील. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला कायद्यानं बंदी आहे आणि अठरापर्यंत धोक्याच्या कामाला. कुणी 'द्या दहा पोरं, शिकतील' म्हणालं, तर कितीही जवळचं माणूस असलं तरी नाही म्हणा.

आता त्या आजोबांकडे येतो. त्यांच्याकडे परत जा बाई, आणि त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्या. त्यांचा प्रश्न मला या पत्रातला सगळ्यांत मोठा वाटला. आपल्या गावांत हुन्नर जातीला बांधून दिलेला होता. ऐरणीपुढं बसणाऱ्याला मान नव्हता. भाकरीही बलुत्याची, मागून आणायची. त्यातून पोरगा सुटावा म्हणून त्यांनी शाळा धरली. जोतिराव फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञान द्यावं असं मागितलं आहे. पण त्याबरोबर लिहिणं, वाचणं, हिशोब, इतिहास, भूगोल, व्याकरण हेही मागितलं आहे. हाताचं शिक्षण पुस्तकाऐवजी नको, पुस्तकाबरोबर हवं. आजोबांना हे शब्दांनी पटणार नाही. त्यांना दिसलं पाहिजे की ऐरणीपुढं त्यांचा नातू एकटा बसलेला नाही. शेजारी सरपंचांची मुलगी घण धरून आहे, किराणा दुकानदाराचा मुलगा भाता मारतोय, आणि त्यांचा नातू पलीकडे स्टार्टरची वायरिंग करतोय. म्हणून चारही विभाग सक्तीनं सगळ्यांना. सुताराच्या मुलाला 'तुला येतंच' म्हणून सुतारकाम देऊ नका, आणि मुलींना पापड-लोणच्यात अडकवू नका.

याच कारणानं अध्यक्षांचा 'न निघणाऱ्या मुलांसाठी' हा विचार मान्य करू नका. एकदा शेडवर 'ढ मुलांची जागा' असा शिक्का बसला की हुशार मूल तिथे फिरकत नाही, पालक चोरून नाव काढून घेतात, आणि राहिलेल्या मुलांना रोज सकाळी आपण कोण आहोत हे त्या दारातून जाताना कळतं. मी ती मुलं शिकवली आहेत. त्यांचा हात सोन्यासारखा असतो आणि मान खाली असते. कोठारी शिक्षण आयोगानं १९६४ ते ६६ मध्ये कार्यानुभव सगळ्या मुलांसाठी सुचवला होता. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूरकडचे. त्यांनीच स्थापन केलेल्या संस्थेच्या छायेखाली पुढे पाबळचं काम उभं राहिलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही व्यवसाय शिक्षण मुख्य शिक्षणापासून वेगळं, खालच्या पायरीचं असू नये हेच सांगितलं आहे. अध्यक्षांना एवढं सांगा: पूर्ण नववी, नाहीतर कुणीच नाही.

सुरक्षिततेचं मी निदेशक म्हणून हुकमासारखं सांगतो, रागावू नका. ३१ जणांच्या तुकडीचे दोन गट करा. एका निदेशकाकडे सोळाच्या वर मूल नको. वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी बघणाऱ्या मुलाला त्या वेळी काही होत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि घर जागं राहतं. म्हणून कडेला उभ्या मुलांसाठीही वेल्डिंगची काळी काच हवी किंवा मध्ये पडदा हवा. गॅल्व्हनाइज्ड पाइप बंद खोलीत वेल्ड करायचा नाही, जस्ताच्या धुरानं ताप भरतो. ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही, निदेशकानंसुद्धा. ओढणी बाहेर ठेवायची, वेणी बांधायची, पायात बूट. शाळेत बूट नसणारी मुलं असतात, तेव्हा बूट शाळेनं घेऊन शेडमध्येच ठेवायचे. अवजारांच्या ३ लाखांत ते धरलेले आहेत. शेडला स्वतंत्र एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसू लागताच वीज तोडणारा स्विच.

मान्यतेसाठी आयबीटी विषयाचा अर्ज बोर्डाकडे आत्ताच करा, म्हणजे जूनमध्ये नववीच्या वेळापत्रकात पूर्ण दिवस बसवता येईल आणि दहावीला विषय गुणपत्रिकेवर दिसेल. समग्र शिक्षा योजनेतून निवडक शाळांना नववीपासून मल्टिस्किलसारखे व्यवसाय विषय मिळतात, त्याचीही चौकशी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात करून ठेवा. पुढच्या वाटा पालकांना मेमध्ये सांगा, निकालाच्या गडबडीत नको. आयटीआयच्या माहितीपुस्तिकेत जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री असे शब्द आले की पालक बावचळतात. त्यांना सांगा की हेच ते फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन. दोन वर्षांचा ट्रेड चांगला केला तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे फार थोड्या घरांत ठाऊक असतं.

राहिलं २६ जानेवारीचं. अध्यक्षांना समारंभ द्या, नाही म्हणू नका. त्या दिवशी ग्रामसभा असते. कोरी शेड दाखवण्यापेक्षा नववीच्या मुलांना ग्रामसभेत वह्या वाचू द्या: गावात गेल्या वर्षी एवढे पंप बिघडले, दुरुस्तीसाठी एवढ्या खेपा तालुक्याला झाल्या, एवढे पैसे बाहेर गेले, आणि एका आजीला धरायला दांडा हवा आहे. अध्यक्षांनी शेवटी उठून सांगावं की जूनपासून यातलं काही काम शाळा करणार आहे, आणि पहिल्या पाच कामांची नावं वाचावीत. आजोबांना पुढच्या रांगेत बसवा.

आणि जी खोली शेड म्हणून द्यायचं मनात असेल, तिच्या अर्थिंगचा खड्डा या उन्हाळ्यातच उकरून बघा. जुन्या शाळांत मीठ-कोळसा केव्हाच विरून गेलेला असतो आणि वायर नुसती मातीत गेलेली असते. गावातल्या त्या मोटरवाल्यालाच मीटर घेऊन बोलवा. तो खड्डा कसा तपासतो ते चार मुलांना शेजारी बसून पाहू द्या.